विश्लेषण : प्राणिशास्त्राची पदवी नसलेले सलीम अली विद्यार्थ्यांचे गुरू कसे ठरले?

मुंबईत १२ नोव्हेंबर १८९६ रोजी जन्मलेले सलीम अली पक्ष्यांकडे वळले ते लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळे. तिची ओळख पटवायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले. तेथील सचिव मिलार्ड यांनी संग्रहातले पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तकेही दिली.

पदवी का नव्हती?
कॉलेज अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात गेले. परतल्यावर सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकले. मात्र विद्यापीठाची पदवी नसल्याने भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागातील नोकरी हुकली.

किहीममध्ये काय घडले?
बर्लिनमध्ये प्रशिक्षण घेऊन १९३० मध्ये ते परतले, तेव्हा म्युझियममधील नोकरीही उरली नव्हती. अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला. नर अर्धे घरटे विणतो, मादीला ते पसंत पडले तरच पूर्ण करतो आणि पुढे दुसऱ्या मादीसाठी नवे विणायला घेतो, हे त्यांनी टिपले.

पुस्तकांनी काय साधले?
प्रयोगशाळेतल्या नमुन्यावरून शरीररचना कळते. पक्ष्याचे वागणे कळत नाही. १९४१ मधील ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ने रंगीत चित्रांसह पक्ष्यांचा आवाज, अधिवास, सवयी आणि घरटी सोप्या भाषेत मांडली. हे पुस्तक हाती घेऊन विद्यार्थी रानात पक्षी ओळखू लागले. पुढे डिलन रिप्ली यांच्यासह १० खंडांचा संदर्भग्रंथ आला.

ज्यांच्याकडे पदवी नव्हती, त्यांना अलिगड, दिल्ली आणि आंध्र विद्यापीठांनी मानद डॉक्टरेट दिली. २० जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले.