विश्लेषण : जिवावर उठणारी बी रुग्णांचा आधार कशी झाली? डॉ. मेरी वॉकर कोण होत्या?

सकाळी उठल्यावर सगळे ठीक असते. दुपारपर्यंत एका डोळ्याची पापणी खाली येते, भाकरी चावता चावता जबडा थकतो, बोलणे गेंगाणे होते आणि केस विंचरायला उचललेला हात मध्येच खाली पडतो. थोडी विश्रांती घेतली की पुन्हा बरे वाटते. या आजाराचे नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. तो झालेल्या घरात व्हॉट्सॲपवरून काढे, चूर्णे आणि ‘ताकद वाढवणाऱ्या’ कॅप्सूलची नावे येऊ लागतात आणि सोबत एक ठरलेले वाक्य येते, वनस्पतीचेच आहे, अपाय काही नाही. गंमत अशी की या आजारावरचे पहिले खरे परिणामकारक औषध वनस्पतीतूनच आले होते. ती वनस्पती मात्र जीवघेणी विषारी होती. तिचा उपयोग ओळखला लंडनमधल्या गरिबांच्या एका रुग्णालयातील कनिष्ठ पदावरच्या डॉक्टर मेरी वॉकर यांनी.

हा आजार नेमका काय आहे?

मेंदूचा आदेश मज्जातंतूतून स्नायूपर्यंत येतो, तेव्हा तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते. स्नायूवरील ग्राहकांना ते चिकटले की स्नायू आकुंचन पावतो. मायस्थेनियात शरीराची रोगप्रतिकारशक्ती बहुतेकदा याच ग्राहकांवर हल्ला करते. स्नायू धडधाकट, मज्जातंतूही धडधाकट, पण दोघांमधला निरोप पोहोचत नाही. अशा आजारांना ऑटोइम्यून म्हणतात.

हे आज कळते. वॉकर यांच्या तरुणपणी यातले काहीच माहीत नव्हते. 1672 मध्ये थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने अशा एका स्त्रीचे वर्णन केले होते, 1895 मध्ये बर्लिनच्या फ्रिडरिश योली यांनी आजाराला नाव दिले. उपचार जवळपास नव्हताच. गिळता येईना, मग श्वास घेता येईना, अशा क्रमाने रुग्ण जात. अनेकींवर ‘मनाचे खेळ’ असा शिक्काही बसे, कारण तपासायला आणले तेव्हा नेमके त्या विश्रांती घेऊन आलेल्या असत.

वॉकर कुठून आल्या?

मेरी ब्रॉडफूट वॉकर यांचा जन्म 1888 मध्ये स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या विगटाउन या छोट्या गावात झाला. वैद्यकीय शिक्षण एडिनबरात झाले. तिथे मुलींना पदवी मिळू लागली असली, तरी बरेचसे शिकणे मुलांपासून वेगळे चाले. 1913 मध्ये त्या पदवीधर झाल्या. पहिल्या महायुद्धात त्यांनी माल्टातील लष्करी रुग्णालयात काम केले. युद्ध संपले, पुरुष डॉक्टर परतले आणि महिला डॉक्टरांसाठी नामांकित शिकवणाऱ्या रुग्णालयांची दारे पुन्हा मिटली. 1920 मध्ये वॉकर लंडनच्या ग्रीनिच भागातील सेंट आल्फेज रुग्णालयात रुजू झाल्या. ही संस्था मुळात निराधारांच्या आश्रयगृहाचा दवाखाना. इथे संशोधनाची प्रयोगशाळा नव्हती, नावाजलेले प्राध्यापक नव्हते, होते ते फक्त महिनोन्‌महिने खाटेवर पडून असलेले गरीब रुग्ण. दिवसभराचे काम सांभाळून वॉकर यांनी 1932 मध्ये, वयाच्या चाळिशीनंतर, रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची अवघड परीक्षाही दिली आणि त्या उत्तीर्ण झाल्या.

विषारी बीचा एडिनबराशी काय संबंध?

आजच्या नायजेरियातील कॅलाबार भागात वाल-घेवड्याच्या कुळातली एक वेल होते. तिच्या तपकिरी बिया एफिक समाजात दिव्यासाठी वापरत. गुन्ह्याचा किंवा चेटकाचा आळ आलेल्याला ती बी खायला किंवा उगाळून प्यायला देत. उलटी होऊन वाचला तो निर्दोष, मेला तो दोषी. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनऱ्यांनी ही बी एडिनबराला पाठवली. तिथले विषतज्ज्ञ रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनी 1855 मध्ये तिचा थोडा भाग स्वतःच खाऊन पाहिला. अंग लुळे पडू लागले तेव्हा दाढीचे पाणी गटागटा पिऊन त्यांनी उलटी काढली आणि जीव वाचवला. त्यांचे विद्यार्थी थॉमस फ्रेझर यांनी याच बीवर 1862 मध्ये प्रबंध लिहून सुवर्णपदक मिळवले. वॉकर शिकत होत्या तेव्हा हेच फ्रेझर एडिनबराला औषधशास्त्राचे प्राध्यापक होते.

1864 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी बीतले मुख्य द्रव्य वेगळे केले. ते फायसोस्टिग्मिन, म्हणजेच एसेरिन. काचबिंदूसाठी डोळ्यांचे डॉक्टर ते थेंबांच्या रूपात वापरू लागले. 1900 मध्ये व्हिएन्नाच्या याकोब पाल यांना आणखी एक गोष्ट दिसली. दक्षिण अमेरिकेतील शिकारी बाणाच्या टोकाला लावत ते कुरारे हे वनस्पतीजन्य विष स्नायू लुळे पाडते, आणि फायसोस्टिग्मिन त्यावर उतारा ठरते. म्हणजे 1934 च्या कितीतरी आधी सगळे तुकडे छापील पुस्तकांत हजर होते. ते कुणी जुळवले नव्हते इतकेच.

वॉकर यांच्याआधी कुणी वनस्पतीकडे वळले होते का?

हो. अमेरिकेतील हॅरिएट एजवर्थ या स्वतःच मायस्थेनियाच्या रुग्ण होत्या. दुसऱ्याच तक्रारीसाठी त्यांनी एफेड्रिन घेतले आणि अंगात बळ आल्याचे त्यांच्या लक्षात आले. 1930 मध्ये त्यांनी तो अनुभव वैद्यकीय नियतकालिकात मांडला. एफेड्रिन ज्या झुडपातून मिळते ते चिनी वैद्यकात ‘मा हुआंग’ म्हणून शतकानुशतके वापरात आहे. आपल्याकडे त्याच जातकुळीतल्या हिमालयी झुडपाला सोमलता म्हणतात. फायदा खरा होता, पण माफक. तरी ‘काहीच करता येत नाही’ असे मानल्या गेलेल्या आजारात काही करता येते, हे त्यातून दिसले.

1934 मध्ये ग्रीनिचला काय घडले?

सेंट आल्फेजमध्ये मायस्थेनियाची एक प्रौढ रुग्ण होती. मज्जाविकारतज्ज्ञ डेरेक डेनी-ब्राऊन तिथे भेट देत असत. या आजाराची लक्षणे कुरारेच्या विषबाधेसारखी दिसतात, असे ते बोलता बोलता म्हणाले. ही तुलना त्यांच्याआधीही इतरांनी केली होती. वॉकर यांनी त्यापुढचा साधा प्रश्न विचारला. आजार जर कुरारेसारखा दिसतो, तर कुरारेचा उतारा देऊन का पाहू नये?

त्यांनी फायसोस्टिग्मिनचे इंजेक्शन दिले, तेही सुमारे एक मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या काही कणांएवढे. अर्ध्या-पाऊण तासात मिटलेली पापणी वर गेली. हात जोराने हलू लागले, लोंबणारा जबडा सावरला, गिळणे सुधारले. काही तासांनी परिणाम ओसरला आणि पापणी पुन्हा खाली आली. दुसऱ्या वेळी इंजेक्शन दिले, पुन्हा तेच. 2 जून 1934 च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे छोटेसे पत्र छापून आले.

ते पत्र आजही वाचण्यासारखे आहे ते त्यातल्या संयमामुळे. रोग बरा झाला, असा दावा त्यात नाही. एकच रुग्ण पाहिला आहे, परिणाम तात्पुरता आहे, असे वॉकर सांगतात. मात्र श्वास अडकलेल्या रुग्णाला त्या कठीण घटकेतून पार नेण्यास ही सुई उपयोगी पडेल, हे त्यांनी ओळखले होते. बिघाड स्नायूत नसून मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यात असावा, आणि फायसोस्टिग्मिन ॲसिटिलकोलीनचा नाश करणाऱ्या एन्झाइमला रोखते याला महत्त्व असावे, हेही त्यांनी नोंदवले. पुढच्या काळाने दोन्ही खरे ठरवले.

मग मान का मिळाला नाही?

1935 च्या आरंभी वॉकर यांनी रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये डॉक्टरांसमोर रुग्ण आणून प्रोस्टिग्मिन हे नवे औषध देऊन दाखवले. स्विस कंपनी रोशने फायसोस्टिग्मिनच्या धर्तीवर ते प्रयोगशाळेत घडवले होते. त्याचा गुण जास्त आणि त्रास कमी होता. वृत्तपत्रांनी याला ‘सेंट आल्फेजचा चमत्कार’ म्हटले, आणि प्रतिष्ठित मंडळींपैकी काहींच्या कपाळाला त्यानेच आठी पडली असावी. मोठमोठ्या मज्जाविकारतज्ज्ञांना जे सुचले नाही ते गरिबांच्या दवाखान्यातल्या एका बाईला सुचावे, हे पचायला जड गेले. निव्वळ योगायोग, असेही म्हटले गेले. कुणी काही म्हणो, औषध जगभर पसरले, कारण पापणी वर जाते हे कुणालाही डोळ्यांनी दिसत होते. त्याच वर्षी एडिनबरा विद्यापीठाने वॉकर यांच्या प्रबंधाला सुवर्णपदक दिले. फ्रेझर यांच्यानंतर 73 वर्षांनी त्याच विद्यापीठात त्याच बीच्या द्रव्याशी जोडलेले दुसरे सुवर्णपदक!

1935 मध्येच अमेरिकेत पर्सी ज्युलियन या कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञाने फायसोस्टिग्मिन प्रयोगशाळेत पूर्णपणे तयार करून दाखवले.

वॉकर यांचे काम एवढ्यावर थांबले नाही. कुटुंबात चालत येणाऱ्या अधूनमधूनच्या पक्षाघातात रक्तातले पोटॅशियम उतरते, हेही त्यांनी दाखवून दिले. 1938 मध्ये त्यांनी आणखी एक निरीक्षण मांडले. दंडाला पट्टा आवळून रुग्णाच्या हाताचा व्यायाम करवला आणि पट्टा सोडला, तर थोड्या वेळाने पापणी खाली येते. हा परिणाम त्यांच्या नावाने ओळखला जातो. तरीही नामांकित शिकवणाऱ्या रुग्णालयात त्यांना पद मिळाले नाही. त्या लंडनच्या नगरप्रशासनाच्या रुग्णालयांतच काम करत राहिल्या, 1954 मध्ये निवृत्त झाल्या आणि विगटाउनला परतल्या. 1962 मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जीन हंटर पारितोषिकाची पहिली मानकरी म्हणून त्यांची निवड केली.

दरम्यान 1960 मध्ये स्कॉटलंडच्याच जॉन सिम्प्सन यांनी हा आजार ऑटोइम्यून असावा असा तर्क मांडला. 1973 मध्ये सशांवरच्या प्रयोगांतून त्याला बळकट पुरावा मिळाला. वॉकर 1974 मध्ये गेल्या.

आजच्या रुग्णाचा याच्याशी काय संबंध?

1950 च्या दशकात आलेले पायरिडोस्टिग्मिन हे त्याच वंशातले औषध. ते आजही जगभरचे मायस्थेनियाचे रुग्ण घेतात. जोडीला रोगप्रतिकारशक्ती शांत करणारी स्टिरॉइड्स, ॲझाथायोप्रिन यांसारखी औषधे असतात. हर्बल गोळ्यांचा घोळ होतो तो या दोन्ही ठिकाणी.

पायरिडोस्टिग्मिन कमी पडले तर अशक्तपणा येतो आणि फार झाले तरीही अशक्तपणाच येतो, श्वाससुद्धा अडकू शकतो. कोणता अशक्तपणा कशाचा, हे घरच्यांना ओळखता येत नाही. परदेशात स्मरणशक्तीसाठी विकल्या जाणाऱ्या काही कॅप्सूलमध्ये हुपरझिन हे एका चिनी वनस्पतीतले द्रव्य असते. ते अगदी त्याच एन्झाइमला रोखते. म्हणजे रुग्ण नकळत दुहेरी मात्रा घेतो. सिंकोनाच्या सालीतले कोयनेल तर याच्या उलटे वागते आणि मायस्थेनिया बळावते. काही टॉनिक वॉटरमध्येही ते असते. ज्या एफेड्राने एजवर्थ यांना आधार दिला, तो घातलेल्या पूरक गोळ्यांवर अमेरिकेने हृदयाच्या धोक्यामुळे 2004 मध्ये बंदी घातली.

दुसरा प्रश्न ‘इम्युनिटी वाढवणाऱ्या’ उत्पादनांचा. या आजारात प्रतिकारशक्ती आधीच चुकीच्या दिशेने पेटलेली असते आणि डॉक्टर ती खाली आणू पाहत असतात. करोनाकाळात गुळवेल घेतलेल्या 6 जणांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले. काहींमध्ये ऑटोइम्यून प्रकारची सूज उफाळली असावी, असा त्यांचा संशय होता. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. ही नोंद यकृताची होती, मायस्थेनियाची नव्हे. पण ऑटोइम्यून आजाराच्या रुग्णाने अशी गोळी सुरू करण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे, एवढे कारण त्यात नक्की आहे. युरोपात उदासीनतेवर घेतले जाणारे सेंट जॉन्स वर्ट हे झुडूप टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन या औषधांचे रक्तातले प्रमाण घटवते. ही औषधे मायस्थेनियाच्या काही रुग्णांना दिली जातात.

वॉकर यांच्या सुईत किती द्रव्य आहे हे मिलिग्रॅमपर्यंत ठाऊक होते, पापणी किती वाजता वर गेली आणि कधी खाली आली हेही. काढ्याच्या पुडीवर किंवा कॅप्सूलच्या डबीवर ही माहिती बहुधा नसते. म्हणून तपासणीला जाताना घरात चालू असलेली प्रत्येक पुडी, बाटली आणि डबी पिशवीत घालून सोबत न्यावी आणि डॉक्टरांसमोर ठेवावी. दुकानदाराने दिलेली बिनलेबलची सुद्धा.