नागपूरचे दगड वाचणारे हिस्लॉप

प्रतिनिधी, नागपूर

टेम्पल रोडवरील हिस्लॉप महाविद्यालय ठाऊक नाही, असा नागपूरकर विरळाच. पण हे हिस्लॉप कोण, असे विचारले तर कुणी मिशनरी असावेत, एवढेच उत्तर बहुधा मिळते. उत्तर चुकीचे नाही, अपुरे आहे. नागपूरच्या जमिनीखाली दडलेला कोट्यवधी वर्षांचा इतिहास ज्यांनी प्रथम जगापुढे मांडला, ते हे स्टीफन हिस्लॉप.

स्कॉटलंडमधील डन्स या गावी ८ सप्टेंबर १८१७ रोजी त्यांचा जन्म झाला. फ्री चर्चतर्फे धर्मप्रचारासाठी ते भारतात आले आणि १८४५ च्या प्रारंभी नागपुरात पोहोचले. तेव्हा येथे भोसल्यांचे राज्य होते. १८४६ मध्ये त्यांनी शाळा काढली. त्यांच्या धर्मकार्याविषयी मते वेगळी असू शकतात. त्यांच्या डोळ्यांच्या तीक्ष्णतेविषयी मात्र दुमत होण्याचे कारण नाही.

१८५१ मध्ये हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर फिरायला म्हणून टाकळीच्या माळावर गेले होते. आज शहराने गिळलेली टाकळी तेव्हा नागपूरबाहेर होती. तेथील एका खडकात हिस्लॉप यांना इवलासा शंख दिसला. तो गोड्या पाण्यातील गोगलगायीचा होता. गोष्ट क्षुल्लक वाटते. पण हा शंख लाव्हारसाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या खडकात होता. महाराष्ट्राचा काळा कातळ हा थिजलेला लाव्हा, आणि उकळत्या लाव्हात गोगलगाय राहत नाही. मग ती आली कोठून? उत्तर एकच संभवत होते. एका उद्रेकानंतर जमीन निवली, तळी साचली, झाडे वाढली, जीव नांदले आणि नंतर पुढच्या लाव्ह्याने ते सारे झाकून टाकले. म्हणजे हा कातळ एका दमात नव्हे, थांबत थांबत घडला होता. दख्खनच्या खडकांचा अभ्यास करणारे आजही या मधल्या थरांकडेच धाव घेतात. हिस्लॉप यांनी या थरांचे वय थोडे अलीकडचे मानले होते. आता ते सुमारे ६.६ कोटी वर्षांचे, डायनोसॉर नष्ट झाले त्या सुमाराचे ठरले आहे.

त्यानंतर दोघांना चैन पडेना. शाळा आणि प्रवचने सांभाळून ते सीताबर्डीची टेकडी, कामठीच्या खाणी पालथ्या घालू लागले. कामठीच्या वालुकाश्मात पानांचे ठसे मिळाले. नागपूरच्या दक्षिणेला सुमारे ६० मैलांवरील मांगलीहून एका प्राचीन उभयचराची कवटी मिळाली. ती लंडनला गेली आणि डायनोसॉर हा शब्द ज्यांनी घडविला त्या रिचर्ड ओवेन यांनीच तिचे ‘ब्रॅकिऑप्स’ असे बारसे केले. नागपूरच्या भूगर्भावरील हिस्लॉप आणि हंटर यांचा प्रबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हंटर मायदेशी परतले आणि पुढे कोशकार म्हणून नावाजले. हिस्लॉप येथेच राहिले. एका हिरव्या खनिजाला ‘हिस्लोपाइट’ आणि गोड्या पाण्यातील एका सूक्ष्म प्राण्याला ‘हिस्लोपिया’ हे नाव त्यांच्यावरूनच पडले.

चंद्रपूरकडील पिसदुरा येथील अजस्र हाडांची नोंदही त्यांच्याच लेखनात आढळते. याच पिसदुऱ्यातील विष्ठेच्या जीवाश्मांत २००५ मध्ये गवताचे सूक्ष्म अंश सापडले आणि डायनोसॉरच्या काळी गवत नव्हतेच, हा जुना समज मोडीत निघाला.

दगडांइतकाच माणसांचाही त्यांना ध्यास होता. गोंडांची भाषा, चालीरीती आणि लिंगोची दीर्घ गाथा त्यांनी टिपून ठेवली. ते छापण्याचे काम मात्र त्यांच्या हातून व्हायचे नव्हते.

४ सप्टेंबर १८६३. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेम्पल यांच्यासमवेत ते नागपूरच्या दक्षिणेकडील टाकळघाटला गेले होते. तेथे मोठमोठे धोंडे गोलाकार मांडून रचलेली प्राचीन शिलावर्तुळे आहेत. त्यांतील काही उकरून पाहण्यात दिवस गेला. टेम्पल बोरीच्या छावणीकडे निघाले. हिस्लॉप गावातील शाळेची तपासणी करण्यासाठी मागे राहिले. दिवस पावसाळ्याचे, वाटेतला नाला फुगलेला. अंधार पडल्यावर छावणीत त्यांचा घोडा आला, पाठीवर स्वार नव्हता. शोध घेतला तेव्हा नाल्यात त्यांचा मृतदेह मिळाला. सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता.

त्यांची गोंडांविषयीची टिपणे टेम्पल यांनी संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. मिशनच्या शाळेतून १८८३ मध्ये महाविद्यालय उभे राहिले आणि त्याला हिस्लॉप यांचे नाव मिळाले. ते उभे आहे तो रस्ता टेम्पल यांच्या नावाचा, हा योग गमतीचा म्हणावा की हृद्य, हे वाचकाने ठरवावे.

टाकळघाटचे काम मात्र तसेच राहिले होते. शंभराहून अधिक वर्षांनी, १९६८-६९ मध्ये, नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट आणि खापा येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. ही वर्तुळे म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील, लोखंड वापरणाऱ्या लोकांची दफनस्थाने होत. विदर्भातील अशा वर्तुळांत मृतांसोबत घोड्यांचे अवशेष आणि त्यांचे लगामही पुरलेले आढळले आहेत.