डॉ. जीवराज मेहता : परळच्या केईएमचे पहिले अधिष्ठाता

गेल्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत डॉक्टर व्हायचे, तर ग्रँट मेडिकल कॉलेजची वाट धरावी लागे. १८४५ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयातून उत्तम भारतीय डॉक्टर बाहेर पडत. पण तिथे प्राध्यापक होणे त्यांना जवळपास अशक्य होते. महत्त्वाच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत आणि हे अधिकारी बहुतेक इंग्रज असत. शिकवण्याची संधी नाही, म्हणून अनुभव नाही. आणि अनुभव नाही, म्हणून पात्रता नाही, असे हे चक्र होते.

ते मोडणाऱ्यांपैकी एक म्हणजे डॉ. जीवराज मेहता. २९ ऑगस्ट १८८७ रोजी अमरेलीत, बेताच्या परिस्थितीतील कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ग्रँटमधून पदवी घेतल्यावर टाटांच्या शिष्यवृत्तीवर ते लंडनला गेले आणि तिथे एम.डी. झाले. १९१४ मध्ये गांधीजी लंडनमध्ये फुप्फुसावरणाच्या दाहाने आजारी पडले, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणारा हा डॉक्टर अवघा २७ वर्षांचा होता. दूध घ्यावे म्हणून त्याने आग्रह धरला. गांधीजींनी तो मानला नाही. पण दोघांमध्ये जडलेला स्नेह पुढे टिकला. मायदेशी परतल्यावर मेहतांनी बडोदा संस्थानात मुख्य वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले.

इकडे मुंबईत सातव्या एडवर्ड राजाच्या स्मरणार्थ परळला महापालिकेचे रुग्णालय उभे राहत होते. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय काढण्यासाठी देणगी देऊ केली, पण एका अटीवर. तिथले अध्यापक सरकारी सेवेत नसलेले, पात्रताधारक भारतीयच असावेत. सरकारी नोकरशाहीला ही अट रुचणारी नव्हती, पण विश्वस्त मागे हटले नाहीत.

१९२५ मध्ये महाविद्यालयाची जबाबदारी मेहतांकडे आली आणि १९२६ च्या जानेवारीत केईएम रुग्णालयाचे दरवाजे उघडले. आता प्रश्न अटीचा नव्हता, ती खरी करून दाखवण्याचा होता. इथले विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्या त्याच परीक्षांना बसणार होते. ते कमी पडले असते, तर भारतीयांना वैद्यक शिकवता येत नाही, या समजाला पुरावाच मिळाला असता.

महाविद्यालय आणि रुग्णालय एकाच आवारात आणि एकाच अधिष्ठात्याच्या हाताखाली, ही इथली रचना होती. वर्गात शिकवणारा डॉक्टरच वॉर्डात रुग्ण तपासतो, तेव्हा विद्यार्थी पुस्तकातले लक्षण खाटेवरच्या माणसात ओळखायला शिकतो. रुग्णाचाही फायदा होतो; कारण विद्यार्थ्यांसमोर आपल्या निदानाचे कारण सांगावे लागणारा डॉक्टर निष्काळजी राहू शकत नाही. भोवती गिरणगाव होता. ज्या कामगाराला खासगी डॉक्टरची फी परवडत नव्हती, त्याच्या खाटेशी आता प्राध्यापक उभा राहू लागला.

मेहता १९४२ पर्यंत, म्हणजे सुमारे १७ वर्षे, अधिष्ठाता होते. स्वातंत्र्य चळवळीत त्यांना तुरुंगवासही घडला. स्वातंत्र्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवेचे महासंचालक, १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री आणि नंतर ब्रिटनमधील भारताचे उच्चायुक्त अशी पदे त्यांनी सांभाळली. त्यांच्या पत्नी हंसाबेन बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. ७ नोव्हेंबर १९७८ रोजी मेहतांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच परळच्या प्रयोगाचे फळ दिसले. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउनला मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण झाले. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केईएममध्ये भारतातले पहिले हृदय प्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला.  पण अशी शस्त्रक्रिया हाती घेण्याइतकी तयारी महापालिकेच्या रुग्णालयात होती. कधीकाळी भारतीय डॉक्टरांना अध्यापकाची खुर्चीही मिळत नव्हती, त्याच शहरात हे घडले. केईएमचा अधिष्ठाता आजही महाविद्यालय आणि रुग्णालय दोन्ही सांभाळतो.