मिर्झा गालिब यांचे १६२ रुपये आठ आणे

रमजानमध्ये घरोघरी जकातीचा हिशेब होतो. कुराणात जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. फकीर आणि मिस्कीन हे गरिबांचे दोन वर्ग त्यात आहेतच; पण कर्जाखाली दबलेल्या माणसाचा उल्लेख त्यांच्यापासून वेगळा केलेला आहे. गरिबी आणि कर्ज ही दोन दुखणी पुष्कळदा एकाच घरात राहतात, तरी ती एक नव्हेत. मिर्झा असदुल्लाह खान गालिब यांच्या आयुष्यात हा फरक लख्ख दिसतो.

गालिब यांचा जन्म २७ डिसेंबर १७९७ रोजी आग्र्यात झाला. वडील अब्दुल्लाह बेग लढाईत मारले गेले तेव्हा ते पाच वर्षांचे होते. सांभाळ करणारे चुलते नसरुल्लाह बेग १८०६ मध्ये हत्तीवरून पडून वारले. चुलते इंग्रजांच्या चाकरीत होते, म्हणून कुटुंबाला पेन्शन मिळाली. तिचे वाटे पडले आणि गालिब यांच्या हिश्शाला वर्षाला ७५० रुपये, म्हणजे महिन्याला ६२ रुपये आठ आणे आले. ही रक्कम थोडी होती, पण उपासमारीची नव्हती. अडचण अशी, की मूळ हुकूम दहा हजारांचा होता आणि मधल्यामध्ये तो पाच हजारांवर आला, हे त्यांना मोठेपणी कळले. तेव्हापासून हातात ६२ रुपये आणि डोक्यात दहा हजार, असा संसार सुरू झाला. तेराव्या वर्षी उमराव बेगमशी लग्न झाले होते. पुढे दिल्लीत सरदारघराण्याला शोभेल असे राहणे, नोकरचाकर, पालखी. सावकार उसने देत, कारण पेन्शनचा दावा जिंकला की मोठी रक्कम येणार, असे त्यांनाही वाटे. न मिळालेला पैसा असा आधीच खर्च होत गेला.

हा दावा मांडायला गालिब १८२६ मध्ये कलकत्त्याला निघाले. लखनौ, बांदा, बनारस करत ते फेब्रुवारी १८२८ मध्ये पोहोचले. प्रवासही उधारीवरच. बांद्याच्या नवाबाच्या मध्यस्थीने तिथल्या महाजनाकडून त्यांनी दोन हजार रुपये कर्ज काढले. हा नवाब बाजीराव-मस्तानीच्या वंशातला, ही आपल्याकडच्या वाचकांना कदाचित माहीत नसलेली गोष्ट. नोव्हेंबर १८२९ मध्ये ते रिकाम्या हाताने परतले. १८३१ मध्ये दावा फेटाळला गेला, तरी अर्जांमागून अर्ज थेट विलायतेपर्यंत जात राहिले. शेवटचा नकार यायला १८४४ उजाडले. एका आशेवर माणसाने किती वर्षे उधारी करावी, याला काही सुमार?

दरम्यान १८३५ च्या सुमारास पाच हजारांच्या कर्जाचा हुकूमनामा त्यांच्यावर निघाला. इभ्रतदार माणसाला घरात शिरून पकडत नसत, रस्त्यावर मात्र पकडता येई. म्हणून गालिब कित्येक दिवस घराबाहेर पडले नाहीत.

या सगळ्याच्या मुळाशी इभ्रतच होती. दिल्ली कॉलेजात फारसी शिकवण्यासाठी महिना शंभर रुपयांची जागा त्यांना देऊ केली गेली. त्यांचे चरित्रकार हाली सांगतात की गालिब पालखीतून साहेबाच्या दारापर्यंत गेले. साहेब स्वागताला बाहेर आला नाही, म्हणून तसेच परत फिरले. नोकरीने मान वाढायचा सोडून कमी होणार असेल तर ती नको, असा त्यांचा हिशेब. उर्दूवाले हा किस्सा अभिमानाने सांगतात. पण वाण्याची वही दारात उघडी असताना परत फिरलेल्या त्या पालखीकडे उमराव बेगम कोणत्या नजरेने पाहत असतील, हे मात्र कोणी सांगत नाही. १८४७ मध्ये घरात जुगार चालवल्याच्या आरोपावरून सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्यातले तीन महिने भोगून ते सुटले. एवढे जपलेले नाव असे गेले. बहुतेक दोस्त लांब झाले. नवाब मुस्तफा खान शेफ्ता यांनी तेवढी साथ सोडली नाही.

१८५० मध्ये बहादूरशहा जफर यांनी त्यांना किताब दिले आणि मोगल घराण्याचा इतिहास लिहिण्यासाठी वर्षाला ६०० रुपये लावून दिले. पगार सहा महिन्यांनी मिळे. तोवर उधारीवर भागवायचे आणि व्याज भरायचे. गालिब यांनी बादशहाला काव्यातून अर्ज केला, की माझ्या तनख्यातला तिसरा हिस्सा सावकारच खातो, तेव्हा पगार दरमहा द्यावा. ती मागणी मान्य झाली. व्याज नेमके कुठून सुरू होते हे त्यांनी इथे ओळखले. पेन्शनच्या दाव्यात हे भान कधी दिसले नव्हते.

१८५७ च्या उठावानंतर दरबार संपला आणि इंग्रजांची पेन्शनही तीन वर्षे बंद झाली. घरातले कपडे, अंथरूण-पांघरूण विकून दिवस काढले. जुलै १८५९ पासून रामपूरच्या नवाबाने महिना शंभर रुपये सुरू केले. मे १८६० मध्ये पेन्शन सुटली, तीन वर्षांचे २२५० रुपये एकदम. त्या रकमेचे काय झाले ते त्यांनी एका शागिर्दाला पत्रात कळवले. आधी मिळालेले शंभर कापले गेले, दीडशे किरकोळीत गेले, उरले २०००. ते आणणारा त्यांचा मुखत्यार एक वाणी, आणि गालिब त्याचेच जुने कर्जदार! त्याने पैसे स्वतःकडे ठेवून हिशेब काढला: व्याज आणि मुद्दल मिळून १४९३. इतरांचे देणे अकराशेच्या वर. गालिब म्हणत, अकराशे आधी वाटून टाक, उरलेल्या नऊशेत आपण निम्मे निम्मे. वाणी म्हणे, माझे सगळे मला, तुम्ही ५०७ घ्या. आयुष्यभर ज्या थकबाकीची वाट पाहिली ती आली तेव्हा अशी आली.

आता उत्पन्न ठरले: ६२ रुपये आठ आणे आणि रामपूरचे शंभर. दुसऱ्या एका पत्रात त्यांनी महिन्याचा खर्च मांडला आहे. चौकीदार वेगळा, व्याज वेगळे, मुद्दलाचा हप्ता वेगळा, बायको, मुले, नोकर वेगळे, आणि आवक तेवढीच. मुले म्हणजे बेगमच्या भाच्याची, आरिफची, पोरकी मुले. गालिब यांची स्वतःची मुले लहानपणीच गेली होती. या वेळी त्यांनी कोणाकडे हात पसरला नाही. सकाळचे थंड पेय बंद केले, दुपारचे मांस निम्मे केले, रात्रीची शराब आणि गुलाबपाणी थांबवले. महिन्याला वीस-बावीस रुपये वाचले आणि घर चालले. दोस्तांनी विचारले, असे किती दिवस? तो पाजील तेव्हा पिऊ, तो जगवील तसे जगू, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले.

महिनाही पुरा झाला नाही तोच रामपूरहून जादा पैसे आले. हप्त्याचे कर्ज फिटले, किरकोळ देणी राहिली तर राहिली. पेय, शराब आणि पुरे मांस पुन्हा सुरू! हेही त्यांनी त्याच पत्रात, काही न लपवता लिहिले. त्यांच्या अनेक चाहत्यांना या जागी फक्त विनोद दिसतो. पण खर्च कशाने कमी झाला आणि कशाने पुन्हा वाढला, हे दोन्ही स्वतःच्या हाताने लिहायला साठी गाठावी लागली होती.

कुरबान अली बेग सालिक यांना लिहिलेल्या पत्रात तर गालिब स्वतःला परका समजून दुरून पाहतात. नजमुद्दौला बहादूर असे किताब लावून त्या परक्याला हाक मारतात. एका सावकाराचा हात त्याच्या गळपट्ट्यावर आहे, दुसरा शिव्या देतो आहे. शराब, गुलाबपाणी, कापड, आंबे, रोकड, सगळे उधारीवर घेताना फेडणार कुठून याचा विचार केला होतास का, असे ते त्याला विचारतात. वीस वर्षांपूर्वी दारातून पालखी वळवणारा माणूस हा प्रश्न ऐकून घेणारा नव्हता.

शेवटच्या आजारपणात जिवाला घोर होता तो ८०० रुपयांच्या देण्याचा. नाव मातीत जाऊ नये म्हणून ते फेडावे, अशी विनंती त्यांनी रामपूरचे नवाब कल्बे अली खान यांना वारंवार केली. १५ फेब्रुवारी १८६९ रोजी दिल्लीत गालिब यांचे निधन झाले तेव्हा ते देणे तसेच होते. त्या ८०० रुपयांसाठी रामपूरला पुढची विनवणी उमराव बेगम यांना करावी लागली. वर्षभरात त्याही गेल्या.