विश्लेषण : ब्लूबेरीला ‘चांगली’ माती का मानवत नाही? फ्रेडरिक कोव्हिल यांनी हे कोडे कसे सोडवले?

गुलाबाला, टोमॅटोला जे देतो तेच ब्लूबेरीच्या कुंडीत घातले, म्हणजे काळी माती, भरपूर शेणखत आणि रोजचे बोअरचे पाणी, तर आधी पाने पिवळी पडतात आणि मग रोप वाळते. नर्सरीवाल्याने फसवले, असे वाटू लागते. पण या अपयशाचे कारण शंभर वर्षांपूर्वीच सापडले आहे आणि तेही कुंड्यांमध्येच. ते शोधणारे फ्रेडरिक व्हर्नन कोव्हिल हे अमेरिकी सरकारचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते.

कोण होते कोव्हिल?

न्यूयॉर्क राज्यातील प्रेस्टन येथे १८६७ मध्ये त्यांचा जन्म झाला. कॉर्नेल विद्यापीठातून १८८७ मध्ये पदवी घेतल्यावर ते लवकरच अमेरिकेच्या कृषी खात्यात रुजू झाले. १८९०-९१ मध्ये डेथ व्हॅली या रखरखीत वाळवंटात गेलेल्या मोहिमेत ते वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून सहभागी झाले. तिथल्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १८९३ मध्ये आला. त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या २६व्या वर्षी, ते खात्याचे मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ झाले. पुढे १८९९ मध्ये अलास्काच्या मोहिमेवरही ते गेले. एवढी भटकंती केलेल्या माणसाचे नाव आज प्रामुख्याने घेतले जाते ते एका छोट्या निळ्या फळासाठी.

कुंडीतल्या प्रयोगांतून काय कळले?

तोपर्यंत अमेरिकेत ब्लूबेरी हे रानमेवा होते. आपल्याकडे करवंदे जशी रानातून येतात, तशी ती जंगलातून आणि पडीक माळरानांतून गोळा होऊन बाजारात येत. शेतात लावण्याचे प्रयत्न फसले होते. त्यामुळे हे झुडूप माणसाळवता येत नाही, असाच समज होता. कोव्हिल यांनी १९०६ मध्ये हा प्रश्न हाती घेतला.

त्यांची पद्धत साधी होती. एकाच वयाची रोपे वेगवेगळ्या मातीच्या कुंड्यांत लावायची, बाकी सगळे सारखे ठेवायचे आणि फरक पाहायचा. खत घातलेल्या सुपीक बागेच्या मातीत रोपे खुरटली. मातीत चुना मिसळला तर ती आणखी आजारी पडली. उलट जंगलातल्या, अर्धवट कुजलेल्या पानामुळांच्या आम्लधर्मी थरात, म्हणजे पीटमध्ये, ती जोमाने वाढली. शेतकरी ज्या मातीला नापीक म्हणून बाजूला टाकत, तीच या झाडाला हवी होती. मातीची आम्लता मोजण्याचा ‘सामू’ हा मापदंड डेन्मार्कमधील रसायनशास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये मांडला. कोव्हिल यांचे प्रयोग त्याआधीच सुरू झाले होते, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

ब्लूबेरीला साधारण ४.५ ते ५.५ सामू लागतो. त्यापेक्षा वर गेल्यास मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, म्हणून पाने पिवळी पडतात. शिवाय या झाडाच्या मुळांना केसासारखी मूलरोमे नसतात. अन्नद्रव्ये घेण्यासाठी मुळांतल्या बुरशीची मदत लागते, याकडेही कोव्हिल यांनी लक्ष वेधले होते. दख्खनची काळी माती बहुधा चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी असते, म्हणजे नेमकी नको ती. कोकोपीटच्या नावात पीट असले, तरी ते पीटइतके आम्ल नसते. त्यात गंधकाची भुकटी मिसळावी लागते. पाणी शक्यतो पावसाचे साठवलेले घालावे.

कोव्हिल यांचे निष्कर्ष १९१० मध्ये कृषी खात्याच्या पुस्तिकेत प्रसिद्ध झाले.

एलिझाबेथ व्हाइट कोण?

ही पुस्तिका न्यू जर्सीतील एलिझाबेथ व्हाइट यांच्या वाचनात आली. व्हाइट कुटुंबाची व्हाइट्सबॉग येथे क्रॅनबेरीची मोठी शेती होती. तिथली माती आम्लधर्मी होती आणि ब्लूबेरीचा हंगाम क्रॅनबेरीच्या आधी येत असे. त्यांनी १९११ मध्ये कोव्हिल यांना पत्र लिहून वडिलांची जमीन प्रयोगांसाठी देऊ केली.

त्यांचे खरे योगदान मात्र जमिनीपलीकडचे आहे. आसपासच्या रानात फिरणाऱ्या लोकांना त्यांनी माप दिले आणि त्या मापाएवढे मोठे फळ देणारे झुडूप दाखवणाऱ्याला पैसे दिले. झुडपाला शोधणाऱ्याचे नाव मिळे. रूब लीक यांनी दाखवलेले झुडूप ‘रुबेल’ झाले. कोव्हिल यांना एकट्याला असा संग्रह जमवता आला नसता. त्यामुळे श्रेय विभागून द्यायचे, तर व्हाइट यांचा वाटा पुष्कळ मोठा ठरतो.

परागीभवनाचा गुंताही याच काळात सुटला. बहुतेक झुडपांना स्वतःच्या परागांपासून फळ नीट धरत नाही, हे कोव्हिल यांना आढळले होते. दोन वेगळ्या झुडपांचा पहिला यशस्वी संकर त्यांनी १९११ मध्ये साधला. म्हणूनच आजही एकाऐवजी दोन वाणांच्या कुंड्या शेजारी ठेवायला सांगतात. १९१६ मध्ये व्हाइट्सबॉगची लागवडीची ब्लूबेरी पहिल्यांदा बाजारात गेली.

थंडीचा संबंध काय?

थंडीपासून जपण्यासाठी काही रोपे हिवाळाभर उबदार काचघरात ठेवली होती. ती वसंतात फुटायला हवी होती. पण बाहेर गारठ्यात ठेवलेली फुटली आणि लाडाकोडातली मात्र निजूनच राहिली. मग त्यांनी काचघरातल्या झाडाची एकच फांदी भिंतीतून बाहेर काढली. वसंतात त्या फांदीला पालवी आली, आतले उरलेले झाड मात्र सुप्तच राहिले. थंडीची गरज झाडाच्या प्रत्येक भागाला स्वतंत्रपणे असते, हे यातून दिसले. हा अभ्यास १९२० मध्ये प्रसिद्ध झाला.

थंड प्रदेशातल्या वाणांना ७ अंश सेल्सिअसखालचे सुमारे ८०० ते १००० तास लागतात. मुंबईच्या गॅलरीत हे शक्यच नाही. तिथे माती अचूक जमवली, तरी असे झाड फळणार नाही.

पुढे काय झाले?

वॉशिंग्टनमधील राष्ट्रीय वृक्षोद्यानाच्या उभारणीतही कोव्हिल यांचा पुढाकार होता. ब्लूबेरीचे काम त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. जानेवारी १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले. एलिझाबेथ व्हाइट १९५४ पर्यंत व्हाइट्सबॉगमध्ये होत्या. नंतर फ्लोरिडातील संशोधकांनी दक्षिणेकडच्या सदाहरित रानटी जातीशी संकर करून कमी थंडीत फळणारे वाण तयार केले. ‘शार्पब्लू’ आणि ‘मिस्टी’ ही त्यातली नावे. रोप घेताना नर्सरीत वाणाचे नाव विचारायचे ते यासाठीच. नुसते ‘ब्लूबेरी’ एवढेच लिहिलेले रोप कोणत्या हवेचे आहे, हे त्यावरून कळत नाही.