संत जॉन हेन्री न्यूमन : शिक्षक आणि मेंढपाळ

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे आपली दृष्टि प्रथम मंदिराच्या भिंतींकडे वळते, आणि त्या कोणीं उभारल्या ह्याचें आपण कृतज्ञतेनें स्मरण करितों. हें योग्यच आहे. परंतु त्या भिंतींच्या आंत ज्यांनीं लेंकरांना क्रुसाची खूण करावयास शिकविलें, प्रौढांना श्रद्धेचा अर्थ उलगडून सांगितला आणि तरुण धर्मगुरूंना घडविलें, त्यांचें ऋण विटा-चुन्याच्या ऋणाहून लहान नाहीं. अशा गुरुजनांपैकीं एका थोर पुरुषाचें चरित्र ह्या मंगल प्रसंगीं वाचकांपुढें ठेवीत आहों.

जॉन हेन्री न्यूमन यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८०१ रोजीं लंडन शहरीं एका अँग्लिकन कुटुंबांत झाला. वडील पेढीवाले होते. १८१६ सालीं ती पेढी बुडाली आणि सुखवस्तु घरावर विपत्ति ओढवली. त्याच वर्षीं पंधरा वर्षांचे न्यूमन शाळेंत आजारी पडून राहिले होते. त्या एकांतांत देवाच्या सान्निध्याची जी खात्री त्यांना पटली ती पुढें आयुष्यभर ढळली नाहीं. ऑक्सफर्ड येथें ते ट्रिनिटी कॉलेजांत शिकले. अतिश्रमानें मन थकून १८२० च्या अखेरच्या परीक्षेंत त्यांना मोठें अपयश आलें. तरी धीर न सोडतां १८२२ सालीं त्यांनीं ओरिएल कॉलेजची फेलोशिप मिळविली. तो मान त्या काळीं विद्वत्तेचा कळस समजला जाई.

१८२४ सालीं ते अँग्लिकन पंथाचे डीकन झाले व ऑक्सफर्डमधील सेंट क्लेमेंट ह्या गरीब वस्तीच्या मंदिरांत काम करूं लागले. ते घरोघर जात, आजाऱ्यांच्या उशाशीं बसत. १८२६ मध्यें त्यांची ओरिएल कॉलेजांत ट्यूटर म्हणून नेमणूक झाली, आणि येथेंच त्यांच्या आयुष्यांतील पहिला मोठा प्रश्न उभा राहिला.

त्या काळीं ट्यूटरनें लॅटिन व ग्रीक ग्रंथांचे पाठ द्यावे, आणि विद्यार्थ्यांच्या आचरणाशीं फारसा संबंध ठेवूं नये, अशी रूढि पडली होती. न्यूमन यांना ती मान्य नव्हती. आपण दीक्षित सेवक आहों. तेव्हां हातीं सोंपविलेल्या तरुणांची बुद्धि तेवढी आपली आणि आत्मा दुसऱ्या कोणाचा, अशी वांटणी करतां येणार नाहीं, असें त्यांचें मत होतें. शिकविणें हेंही त्यांच्या लेखीं मेंढपाळाचेंच काम होतें. कॉलेजचे मुख्य डॉ. हॉकिन्स यांना हा विचार पटला नाहीं. विशेष हें कीं, १८२८ सालीं हॉकिन्स यांना त्या पदावर निवडून देण्यांत न्यूमन यांचाच हात होता. हॉकिन्स यांनीं १८३० पासून त्यांच्याकडे नवे विद्यार्थी पाठविणें बंद केलें; दोन वर्षांत जुने विद्यार्थी शिकून गेले आणि ट्यूटरची खोली रिकामी झाली.

त्यांनीं भूमध्य समुद्राचा प्रवास केला. सिसिली बेटांत तापानें ते मरणाच्या दारापर्यंत जाऊन आले. १८३३ च्या जून महिन्यांत नारिंगें वाहून नेणाऱ्या एका गलबतांतून परत येत असतां वारा पडला आणि गलबत समुद्रांत अडकून राहिलें. तेथें त्यांनीं दयाळू प्रकाशाला आळविणारें आपलें प्रसिद्ध स्तोत्र रचिलें. पुढें तें महात्मा गांधींनाही अत्यंत प्रिय झालें.

स्वदेशीं परततांच ऑक्सफर्ड चळवळीस आरंभ झाला. जॉन कीबल, एडवर्ड प्यूसी व न्यूमन हे तिचे धुरीण. प्रेषितांपासून चालत आलेल्या ख्रिस्तसभेचें खरें स्वरूप आपल्या पंथांत पुन्हां प्रकट व्हावें, ही त्यांची तळमळ होती. सेंट मेरी ह्या विश्वविद्यालयाच्या मंदिरांत रविवारीं दुपारीं न्यूमन यांचीं प्रवचनें होत. त्यांत हावभाव नसत, आवाज चढत नसे. परंतु ऐकणारा तरुण आपल्याच अंतःकरणाशीं बोलूं लागे. कॉलेजनें विद्यार्थी काढून घेतले खरे, पण देवानें त्यांस सारें ऑक्सफर्ड दिलें.

आद्य ख्रिस्तसभेच्या आचार्यांचा अभ्यास करतां करतां मात्र त्यांचें स्वतःचें मन रोमकडे ओढलें गेलें. १८४१ मधील त्यांच्या एका पत्रिकेचा अँग्लिकन बिशपांनीं निषेध केला. १८४३ सालीं सेंट मेरी सोडून ते लिटलमोर ह्या खेड्यांत प्रार्थना, उपवास व अभ्यास यांत राहिले. ८ ऑक्टोबर १८४५ च्या रात्रीं मुसळधार पावसांत भिजून डॉमिनिक बार्बेरी नांवाचे इटालियन धर्मगुरु तेथें पोहोंचले, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांच्या हस्तें न्यूमन यांचा कॅथॉलिक ख्रिस्तसभेंत स्वीकार झाला. ह्या पावलाची किंमत जबर होती. फेलोशिप गेली, जिवलग मित्र दुरावले, एका बहिणीनें संबंध तोडले. ज्या ऑक्सफर्डवर त्यांचा जीव होता तें त्यांनीं १८४६ च्या आरंभीं सोडलें, व पुढें बत्तीस वर्षें तेथें पाऊल ठेविलें नाहीं.

पंचेचाळीस वर्षांचा हा नामवंत पंडित मग रोम येथील प्रोपागांडा विद्यालयांत कोंवळ्या तरुणांच्या रांगेंत विद्यार्थी म्हणून बसला. १८४७ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं संत फिलिप नेरी यांच्या ऑरेटरी संघाची इंग्लंडांत स्थापना केली. बर्मिंगहॅम शहरांत पूर्वीं मद्याचा कारखाना असलेली एक इमारत त्यांचें प्रार्थनामंदिर झाली. तेथें येणारे बहुतेक लोक गिरण्या-कारखान्यांतील गरीब आयरिश मजूर होते. १८४९ सालीं जवळच्या बिल्स्टन गांवीं पटकीची सांथ आली, तेव्हां न्यूमन आपल्या सोबत्यासह तेथें धांवून गेले.

आयर्लंडच्या बिशपांनीं कॅथॉलिक विश्वविद्यालय काढण्याचें काम त्यांजवर सोंपविलें. १८५२ सालीं डब्लिन येथें त्यांनीं दिलेल्या व्याख्यानांतून विश्वविद्यालयाविषयींचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ तयार झाला. धर्मशास्त्र ही खरी विद्या असून विद्यामंदिरांत तिला स्थान हवें. तसेंच इतर शास्त्रांसही आपापल्या क्षेत्रांत मोकळीक हवी, असें त्यांनीं प्रतिपादिलें. १८५४ मध्यें विश्वविद्यालय उघडलें. परंतु पदव्या देण्याची सरकारी सनद मिळाली नाहीं, आणि बिशपांतही एकमत नव्हतें. १८५८ सालीं न्यूमन यांनीं तें पद सोडलें.

१८५९ सालीं त्यांनीं बर्मिंगहॅम येथें मुलांची शाळा काढली. त्याच वर्षीं त्यांनीं एक लेख लिहिला. चौथ्या शतकांत एरियस याच्या पाखंडानें अनेक बिशप डळमळले असतां साध्या भाविकांनीं ख्रिस्ताच्या देवत्वावरील विश्वास राखला, हें इतिहासाच्या आधारें त्यांनीं त्यांत दाखविलें. प्रापंचिक भाविक केवळ ऐकून घेण्यासाठीं नाहींत. त्यांनीं आपला धर्म नीट जाणावा आणि विचारणाऱ्यास उत्तर द्यावें, ही त्यांची शिकवण होती. ह्या लेखाविरुद्ध रोम येथें तक्रार गेली व पुढें कित्येक वर्षें त्यांच्यावर संशयाची छाया राहिली. ऑक्सफर्ड येथें ऑरेटरी काढण्याचा त्यांचा बेतही मोडला. त्यांना दुःख झालें, पण ते ख्रिस्तसभेवर रुसले नाहींत.

१८६४ सालीं चार्ल्स किंग्स्ली ह्या लेखकानें त्यांच्या सत्यनिष्ठेवरच शिंतोडे उडविले. तेव्हां न्यूमन यांनीं दर आठवड्यास एक भाग, अशा रीतीनें आपलें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें. लिहितांना त्यांना अश्रु आवरत नसत. त्या पुस्तकानें अँग्लिकन देशबांधवांचीं मनें पुन्हां त्यांच्याकडे वळविलीं. पुढच्याच वर्षीं ते कीबल यांच्या घरीं गेले. दारांत उभ्या असलेल्या वृद्ध मित्रांनीं प्रथम एकमेकांस ओळखलेंच नाहीं! प्यूसीही तेथें होते. वीस वर्षांनीं ते तिघे एका पंक्तीस जेवले. मतें वेगळींच राहिलीं, पण प्रेम आटलें नव्हतें. ख्रिस्ती ऐक्याचा ज्यास ध्यास आहे त्यानें हें दृश्य मनांत सांठवावें.

१८७९ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं त्यांस कार्डिनल केलें आणि संशयाचें सावट कायमचें दूर झालें. ११ ऑगस्ट १८९० रोजीं ते देवाघरीं गेले, तेव्हां बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर हजारों लोक लोटले. पोप फ्रान्सिस यांनीं १३ ऑक्टोबर २०१९ रोजीं त्यांस संतपद दिलें. त्या समारंभास इंग्लंडचे तेव्हांचे युवराज चार्ल्स उपस्थित होते. १ नोव्हेंबर २०२५ रोजीं पोप चौदावे लिओ यांनीं त्यांस ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केलें. कॅथॉलिक त्यांचा सण ९ ऑक्टोबरला पाळतात, आणि अँग्लिकन बांधव ११ ऑगस्टला त्यांचें स्मरण करितात.

वाचकहो, ह्या महात्म्याच्या हातीं घेतलेल्या कितीतरी कामांना त्याच्या डोळ्यांदेखत अपयश आलें. तरी त्यानें एकाही विद्यार्थ्याकडे केवळ बुद्धि म्हणून पाहिलें नाहीं, आणि एकाही भाविकाला केवळ श्रोता मानलें नाहीं. आपल्या धर्मग्रामांत रविवारीं चार मुलांना धर्मशिक्षण देणारी ताई, अथवा संध्याकाळीं लेंकरांसह गुडघे टेकणारे मातापिता हे त्याच कार्याचे वांटेकरी आहेत. फळ दिसेल न दिसेल. पेरणी मात्र चुकूं नये. संत न्यूमन यांच्या मध्यस्थीनें परमेश्वर आपल्या धर्मग्रामास असे शिक्षक आणि असे मेंढपाळ अखंड देवो, हीच ह्या महोत्सवीं प्रार्थना.