अर्धा वाटा आपला

आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयातील माजी विद्यार्थ्यांनी गरजू मुलांसाठी शिष्यवृत्तीचा कायम निधी उभारायचे ठरवले, तेव्हा हिशेबाची वही माझ्याकडे आली. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून दर वर्षी काही मुलांची फी भरायची, असा साधा बेत. पहिल्याच बैठकीत एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र वाचून दाखवले गेले. व्यवसायात चांगला जम बसलेले गृहस्थ. त्यांनी कळवले होते की, तुम्ही सर्व मिळून वर्षभरात जेवढी रक्कम जमवाल तेवढीच भर मी घालीन. तुमचे शून्य तर माझेही शून्य. बैठकीत कुजबुज सुरू झाली. द्यायचे तर सरळ द्यावे, ही अट कशाला, असे बहुतेकांचे मत पडले. खरे सांगायचे तर माझेही तेच मत होते.

ते बदलले एका माणसाच्या चरित्रामुळे. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’ने १९८१ पासून टस्कीगी हे अमेरिकेतले आडगाव मराठी घराघरांत पोहोचवले. भुईमुगाच्या दाण्यातून किमया करणारे कार्व्हर सर्वांना आठवतात. पण त्यांना १८९६ साली टस्कीगीला बोलावून घेणारे, ती संस्था उभी करणारे आणि तिच्यासाठी आयुष्यभर दारोदार फिरणारे बुकर टी. वॉशिंग्टन मात्र आपल्या स्मरणात कार्व्हरांच्या मागे उभे राहतात. मी त्यांच्याकडे वळलो तो निव्वळ स्वार्थाने. पैसे मागावेत कसे, हे मला शिकायचे होते.

बुकरचा जन्म १८५६ चा, व्हर्जिनियातल्या एका शेतमळ्यावरचा. आई गुलाम, म्हणून मुलगाही गुलाम. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपले, गुलामगिरी गेली आणि हे कुटुंब वेस्ट व्हर्जिनियात माल्डन येथे आले. तिथे पोर मिठाच्या भट्टीवर आणि मग कोळशाच्या खाणीत राबू लागले. कृष्णवर्णीय मुलांना शिकवणारी हॅम्प्टन नावाची एक संस्था आहे, हे त्याच्या कानावर पडले ते खाणीतच. १८७२ मध्ये तो निघाला. वाट सुमारे ५०० मैलांची. रिचमंड शहरात पोहोचेतो पैसे संपले. लाकडी फळ्यांच्या पदपथाखाली झोपून आणि दिवसा बंदरात जहाजावरचा माल उतरवून त्याने पुढची सोय केली. हॅम्प्टनच्या दारात उभा राहिला तेव्हा खिशात अवघे ५० सेंट होते.

प्रवेशपरीक्षा म्हणून मुख्य शिक्षिकेने त्याला एक खोली झाडायला सांगितली. त्याने ती तीनदा झाडली, चारदा पुसली. प्रवेश मिळाला. पण खरा प्रश्न पुढेच होता. राहण्याजेवण्याचा खर्च महिन्याला १० डॉलर. त्यातला मोठा भाग त्याने संस्थेत झाडूपोछ्याचे काम करून फेडला. शिकवणीची फी वर्षाला ७० डॉलर, ती मात्र त्याच्या आवाक्यापलीकडची. संस्थेचे प्रमुख जनरल आर्मस्ट्राँग यांनी उत्तरेकडचे एक दाते गाठले आणि त्यांनी बुकरची फी भरली. म्हणजे अर्धा भार मुलाच्या हातांनी उचलला, अर्धा परक्या माणसाच्या पैशाने. पुढे या माणसाने जे जे उभारले, त्याचे बीज मला या हिशेबात दिसते.

१८८१ मध्ये अलाबामातील टस्कीगी गावात कृष्णवर्णीयांसाठी अध्यापक विद्यालय काढायचे ठरले. राज्य सरकारने वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले, पण ते केवळ शिक्षकांच्या पगारापुरते. जागा नाही, इमारत नाही, बाक नाहीत. पंचवीस वर्षांचे वॉशिंग्टन तिथे पोहोचले आणि ४ जुलैला चर्चजवळच्या एका मोडक्या खोपटात ३० विद्यार्थ्यांनिशी शाळा सुरू झाली. पाऊस आला की एखादा विद्यार्थी उठून गुरुजींच्या डोक्यावर छत्री धरी.

लवकरच १०० एकरांचा एक पडीक मळा विकाऊ असल्याचे कळले. किंमत ५०० डॉलर, निम्मे रोख, निम्मे वर्षभरात. हॅम्प्टनच्या खजिनदारांनी स्वतःच्या खिशातून २५० डॉलर उसने दिले. उरलेल्यासाठी ऑलिव्हिया डेव्हिडसन या सहकारी शिक्षिका गावात घरोघर फिरल्या. पुढे त्या वॉशिंग्टन यांच्या पत्नी झाल्या आणि १८८९ मध्ये अकाली वारल्या. त्या काळ्यांच्या दारी गेल्या, तशा गोऱ्यांच्याही. कुणी केक दिला, कुणी कोंबडी, कुणी पाव. ते विकून पैसे उभे राहिले. सत्तरी उलटलेली, जन्म गुलामीत काढलेली एक म्हातारी फाटक्या पण स्वच्छ कपड्यांत काठी टेकत आली आणि जपून ठेवलेली सहा अंडी मुलांच्या शिक्षणासाठी देऊन गेली. वॉशिंग्टन यांनी पुढे लाखांच्या देणग्या घेतल्या, पण या सहा अंड्यांइतकी कोणतीच देणगी त्यांच्या मनाला भिडली नाही, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. पाच महिन्यांत सारे कर्ज फिटले.

इमारतीसाठी विटा हव्या होत्या. विद्यार्थ्यांनीच भट्टी लावली, ती फसली. दुसरी फसली, तिसरीही फसली. चौथीसाठी पैसा नव्हता, तेव्हा वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकले. ते घड्याळ परत मिळाले नाही. चौथी भट्टी मात्र साधली, आणि पुढे टस्कीगीच्या विटा आसपासचे गोरे शेजारीही विकत घेऊ लागले.

शिष्यवृत्तीची त्यांची पद्धत आमच्यासारख्या वही सांभाळणाऱ्याने समजून घ्यावी अशी होती. एका विद्यार्थ्याच्या शिकवणीला वर्षाला ५० डॉलर लागत. हा आकडा घेऊन ते उत्तरेतल्या शहरांत हिंडत. एवढे दिलेत तर एक मूल वर्षभर शिकेल, असे सांगत. राहण्याजेवण्याचा खर्च मात्र विद्यार्थ्याने सोसायचा, रोख नसेल तर श्रमाने. ज्याच्यापाशी काहीच नसे त्याच्यासाठी १८८४ पासून रात्रशाळा होती. दिवसभर काम, रात्री दोन तास अभ्यास, आणि मजुरी त्याच्या नावावर जमा. ती साचली की तो दिवसाच्या वर्गात बसे. अशी मुले दात्यापुढे उभी राहत ती आपला वाटा आधी भरून.

मागण्याची त्यांची रीतही पाहण्यासारखी. कनेक्टिकटमधल्या एका गृहस्थांकडे ते कडाक्याच्या थंडीत दोन मैल चालत गेले आणि रिकाम्या हातांनी परतले. रागावले नाहीत, आपले काम सांगून आलो, एवढेच समाधान मानले. दोन वर्षांनी त्याच गृहस्थांकडून १०,००० डॉलर आले. रेल्वेसम्राट हंटिंग्टन यांनी पहिल्या भेटीत दिले ते दोन डॉलर. शेवटची देणगी ५०,००० ची. १९०० मध्ये अँड्र्यू कार्नेगींकडे ग्रंथालयासाठी २०,००० डॉलर मागितले ते इमारत विद्यार्थीच बांधतील, हे सांगून. ग्रंथालय उभे राहिले आणि १९०३ मध्ये कार्नेगींनी कायम निधीत ६ लाख डॉलर घातले.

इथवर वाचले आणि मी खूश झालो. पण चरित्राला दुसरी बाजू असतेच. ज्या दक्षिणेत ही संस्था वाढत होती, तिथे कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्क कायद्यांच्या आडून काढून घेतला जात होता, जमाव माणसांना झाडाला टांगत होते. याविरुद्ध वॉशिंग्टन यांनी उघडपणे फारसा आवाज उठवला नाही. १८९५ च्या अटलांटा येथील भाषणात त्यांनी आपल्या लोकांना आधी हातातले कौशल्य आणि उद्योग वाढवायला सांगितले. राजकीय हक्कांचा आग्रह मागे ठेवला. गोऱ्या दात्यांना हे रुचले, थैल्या मोकळ्या झाल्या. विद्वान समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०३ मध्ये त्यांच्यावर कडक टीका केली, आणि ती अनाठायी नव्हती. मृत्यूनंतर बऱ्याच काळाने कागदपत्रांतून उघड झाले की, त्याच वर्षांत वॉशिंग्टन अलाबामातील मतदानहक्काच्या खटल्यांना गुप्तपणे पैसा पुरवत होते. दिवसा मौन आणि रात्री मदत, अशी ही कसरत. दात्याने न बोलता घातलेली अट कधीकधी लिहिलेल्या अटीपेक्षा जड असते, ती अशी.

याउलट उघडपणे घातलेली एक अट त्यांच्या अखेरच्या वर्षांत फळाला आली. शिकागोचे ज्युलियस रोझेनवाल्ड हे सिअर्स, रोबक या टपालाने माल विकणाऱ्या बड्या पेढीचे प्रमुख. १९१० मध्ये त्यांनी जाहीर केले होते की, कोणत्याही शहराने कृष्णवर्णीयांच्या वायएमसीए इमारतीसाठी ७५,००० डॉलर जमवले तर आपण २५,००० देऊ. १९१२ मध्ये आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाला त्यांनी टस्कीगीच्या हाती २५,००० डॉलर ठेवले. त्यातले काही उरले. ते परत न करता खेड्यांत लहान शाळा बांधाव्यात आणि गावकऱ्यांनी आपला वाटा घालावा, ही सूचना वॉशिंग्टन यांची. सहा शाळा झाल्या. लोचापोका गावची शाळा ९४२ डॉलरमध्ये उभी राहिली, त्यात रोझेनवाल्ड यांचे फक्त ३००.

ही योजना वाढताना पाहायला वॉशिंग्टन राहिले नाहीत. न्यूयॉर्कमध्ये ते कोसळले. आपल्या मातीत मरायचे म्हणून आगगाडीने परतले आणि १४ नोव्हेंबर १९१५ रोजी टस्कीगीत गेले. वय ५९. संस्थेत तेव्हा १०० हून अधिक इमारती होत्या आणि कायम निधी २० लाख डॉलरच्या घरात होता. शाळांची योजना मात्र १९३२ पर्यंत चालली. १५ राज्यांत ४,९७७ शाळा बांधल्या गेल्या. रोझेनवाल्ड यांच्याकडून आले सुमारे ४३ लाख डॉलर. गरीब कृष्णवर्णीय गावकऱ्यांनी घातले सुमारे ४७ लाख. कुणी शेताचा तुकडा शाळेच्या नावाने ठेवून त्यावरचा कापूस दिला, कुणी डबे रांधून लिलावात विकले. हे लोक सरकारला करही भरत होते, म्हणजे शाळेसाठी दुहेरी पैसा देत होते; तो अन्याय विसरता येत नाही. पण त्या शाळा कुणाच्या, असे कुणी विचारले तर उत्तरासाठी त्यांना कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नव्हते.

टस्कीगीचे तिसरे अध्यक्ष फ्रेडरिक पॅटरसन यांनी १९४४ मध्ये २७ महाविद्यालयांना एकत्र आणून युनायटेड नीग्रो कॉलेज फंड सुरू केला. एकेकट्याने दारोदार फिरण्यापेक्षा सर्वांनी मिळून मागावे, हा त्यामागचा विचार.

पुढच्या बैठकीत मी एवढेच म्हटले की, अट दोन प्रकारची असते. तुम्ही गप्प राहा, ही एक. तुम्हीही द्या, ही दुसरी. पहिली माणसाला वाकवते, दुसरी बरोबरीने बसवते. आपल्या गृहस्थांची अट दुसऱ्या जातीची आहे. थोडी चर्चा झाली आणि पत्राला होकार गेला.

वर्ष संपायला अजून तीन महिने आहेत. वहीत १०१, २५१, ५०१ अशा नोंदी आहेत. पूर्वी असल्या रकमा मी घाईघाईने लिहून मोठ्या आकड्याची वाट पाहत असे. आता एकशे एक लिहितो आणि त्याच ओळीत, शेजारच्या रकान्यात, पुन्हा एकशे एक लिहितो.